इर्जिकीचा प्रोग्राम

मिरजगावच्या बाजूला आमच्या गावच्या दूध डेअरीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि मग लक्षात आलं की तो चालवायला कुणी नाही. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी नगरला कोर्स करून घरी रिकामा बसलो होतो, म्हणून मला बोलावलं.

मी महिनाभर खपून प्रोग्राम लिहिला. दुधाचे लिटर आणि फॅट टाकलं की भाव निघून पावती छापली जायची. लिहायला लागणारी साधनं एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर फुकट मिळाली होती. त्याच सीडीवर एक लांबलचक इंग्रजी मजकूर होता: वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, आतलं लिखाण उघडं ठेवा. डिक्शनरी घेऊन तो मी पूर्ण वाचला आणि खुळ्यासारखा हरखलो. कारण ही आमची इर्जिकच होती. एकाची नांगरट निघाली की सगळे आपापले बैल घेऊन जातात, मजुरी घेत नाहीत, जेवून परत येतात. पुढं दुसऱ्याची पाळी असते. माझे वडील दरवर्षी दहा-बारा इर्जिकींत राबायचे. बैल नव्हते, नुसते हातपाय न्यायचे.

मीही माझा प्रोग्राम लिखाणासकट फ्लॉपीवर घालून वाटला. कर्जतपर्यंतच्या सात-आठ डेअऱ्यांत तो गेला. भाव बदलला की निरोप यायचा, पावती वाकडी छापली तरी यायचा. मी सायकल काढायचो. कॉम्प्युटर विकणारा नगरचा माणूस मात्र नुसता येऊन बघायचेही पैसे घ्यायचा, आणि त्याला ते मुकाट्यानं मिळायचे. मला चहा मिळायचा. वार्षिक सभेत शाल-श्रीफळ मिळालं, दुसऱ्या डेअरीनंही तेच दिलं. चार शाली झाल्यावर आईनं त्यातल्या दोन गोधडीला लावल्या. हसू नका, उबदार झाली होती गोधडी.

मग सुप्याच्या एका कारखान्यात जागा निघाली. मशीनवर उभं राहायचं काम होतं, सोमवारी हजर व्हायचं होतं. मला जायचं नव्हतं. जे येत होतं ते सोडून येत नसलेलं शिकायला जाणं मला जिवावर आलं होतं. म्हणून शनिवारी संचालकांच्या मीटिंगला गेलो. म्हणालो, "प्रोग्राम फुकटच राहील. पण मी येतो, दुरुस्त करतो, त्या कामाचा महिन्याला पगार द्या. म्हणजे मी इथंच राहीन."

चेअरमन माणूस वाईट नव्हता. त्यानं मला खुर्ची दिली.

"आरं, इर्जिकीला कुनी मजुरी घेतं व्हय?" तो म्हणाला. "तूच म्हनला हुतास, ही इर्जिक हाय. तुजं काम निघालं की आमी समदे येऊ की."

सगळे प्रेमानं हसले. मीही हसलो, याची मला अजून चीड येते.

घरी वडील ओट्यावर बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मळलेल्या तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली.

"मी लई इर्जिकी केल्या," ते म्हणाले. "आपल्याला रानच न्हाई. त्यांनी यायचं कुटं?"

सीडीवरच्या त्या मजकुरात एवढी एक गोष्ट लिहिलेली नव्हती. लिहिणाऱ्यांना बहुतेक रान असावं. कुठं नोकरी असेल, कॉलेज असेल, काहीतरी पायाखाली असेल. मी सोमवारी सुप्याला गेलो.

पुढच्या वर्षी एकदा आठवड्याच्या सुट्टीला घरी आलो होतो. आमच्या एका गाईचं दूध घालायला वडील निघाले, मीही बरोबर गेलो. डेअरीत गर्दी थांबली होती. भाव बदलला होता आणि कुणीतरी प्रोग्राममध्ये भलतीकडेच हात घातला होता. सगळ्यांच्या पावत्या चुकत होत्या. चेअरमननं मला बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. मनात म्हटलं, आता ‘नाही’ म्हणायचं, बरोबर इथंच म्हणायचं. वडील बादली घेऊन रांगेत उभे होते. मी खुर्चीवर बसलो आणि अर्ध्या तासात सगळं नीट केलं.

चहा आला.

"म्होरच्या सुट्टीपासनं जरा लवकर येत जा," चेअरमन म्हणाला.

आठवड्याला एकच सुट्टी मिळायची. मी हो म्हणालो.