भाटघरच्या वळणावरची हाक

परवा फोनवर तू सांगितलंस, की मोटारसायकलच्या अपघातात तुझ्या मित्राचीही थोडी चूक निघाली, म्हणून तिकडच्या कोर्टाने त्याची भरपाई तेवढी कमी केली. तुला तो अन्याय वाटला. मला मात्र भाटघरच्या रस्त्यावरचा धनगर आठवला. फोनवर एवढं सांगून होत नाही, म्हणून तुम्हा सगळ्या भावंडांसाठी लिहिते आहे.

दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. तुमचे आजोबा भोरला वकिली करत. गावात मोटारसायकली अगदी मोजक्या. त्यातली एक होती एका तरुण कंत्राटदाराची. ती दिसायच्या आधी ऐकू यायची, आणि रस्त्यावरचे बैल बुजायचे.

हा धनगर वेल्ह्याकडच्या डोंगरातला. दिवाळी झाल्यावर कळप घेऊन देशावर निघाला होता. भाटघर धरणाच्या अलीकडच्या वळणावर मेंढरं कडेने चरत होती, तो रस्त्यात उभा होता. तेवढ्यात पलीकडून तो आवाज आला. डोंगरात लांडग्याची चाहूल लागली की धनगर पळत नाही. जागीच उभा राहून हाक देतो, आणि सगळी मेंढरं धावत येऊन त्याच्या पायांशी चिकटतात. त्याने तेच केलं. कडेला सुखरूप असलेला कळप भर रस्त्यात आला. कंत्राटदार भरधाव, भोंगा न वाजवता वळणावरून आला, तो थेट त्यांच्यात. त्याचं कोपर खरचटलं. गाडी धनगराच्या पायावर पडली, आणि पुढे तो पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

धनगराचं मागणं मोठं नव्हतं. मुलगा लहान होता. तो हाताशी येईपर्यंत कळपामागे एक गडी ठेवता यावा, एवढी भरपाई त्याला हवी होती. नाहीतर कळप विकावा लागणार होता. पण तेव्हा कोर्टात इंग्रजी कायद्याची चाल होती. इजा झालेल्याची स्वतःची चूक त्यात मिसळलेली दिसली, तर त्याला काही मिळत नसे. कमी नव्हे, काहीच नाही.

आजोबांनी त्याचा दावा चालवायला घेतला. सुनावणीच्या आदल्या दिवशी तो आणि त्याची बायको आमच्या ओसरीवर आले होते.

"विचारतील तेवढंच सांगा," आजोबा म्हणाले. "आपणहून बोलू नका."

"म्या कुठं लई बोलतो, वकीलसाहेब? बोलती ती ही."

"मी बोलते म्हून तर हितवर आला," बायको म्हणाली. "न्हाईतर बसला असता झाडाखाली, मेंढरागत."

बायकांनी कोर्टात जायची रीत नव्हती, पण तिला सोबत हवी होती, म्हणून मी तिच्याबरोबर मागे बसले.

समोरच्या वकिलाने विचारलं, "गाडीचा आवाज ऐकला होतास?"

"ऐकला की. लई लांबनं येत हुता."

"तेव्हा मेंढरं कुठे होती?"

"कडंला चरत हुती."

"मग मध्ये कशी आली?"

आजोबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"म्या बोलावली," धनगर म्हणाला. आपण कळप टाकून पळालो नाही, हे तो अभिमानाने सांगत होता. वकिलाला नीट कळावं म्हणून त्याने भर कोर्टात तशीच हाक देऊन दाखवली. "दार लावा, नाहीतर आत शिरतील," असं मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. धनगरही हसला.

निकालात गाडी भरधाव होती हे मान्य झालं. पण रस्ता धनगरानेच अडवला, म्हणून दावा फेटाळला गेला.

बाहेर आल्यावर आजोबांनी त्याला कायदा समजावून सांगितला. तो काठीवर रेलून ऐकत राहिला. बायको मात्र म्हणाली, "आमच्यात मेंढरांनी पीक खाल्लं, आन् शेताला काट्यांची कुपाटी नसली, तर पंच निम्म्यावर मिटवत्यात. हितं निम्मं न्हाई व्हय?"

"नाही," आजोबा म्हणाले.

कळप विकला गेला. पुढच्या दिवाळीनंतर धनगर आपले कागद परत न्यायला आला आणि आमच्या पायरीवर टेकला. तेवढ्यात रस्त्यावर धूळ दिसली. त्याचीच मेंढरं होती. नवा मालक पुढे चालत हाका देत होता, आणि ती रेंगाळत मागे येत होती.

मी विचारलं, "तुमचा आवाज अजून ओळखतील का?"

"वळखतील की, वयनी. म्या हाक दिली तर समदी हितं येऊन हुबी ऱ्हातील."

एवढं बोलून त्याने घोंगडीचं टोक तोंडात कोंबलं आणि दातांनी धरलं. मेंढरं आमच्या पायरीजवळून गेली. शेवटची मेंढी कोपऱ्याआड दिसेनाशी झाली, तरी त्याने ते टोक सोडलं नव्हतं.