तीन दिवसांचं पथ्य

आमच्या घरात बाटल्यांना कधी तोटा नव्हता. वडील पनवेलातल्या एका लहानशा औषधशाळेत कामाला होते. मागे भट्ट्या, मध्ये बाटल्या भरायची खोली आणि रस्त्याच्या अंगाला वडिलांचं टेबल. काढे उकळायचं काम दुसऱ्यांचं. वडिलांनी बाटलीबरोबर जायच्या चिठ्ठ्या तयार करायच्या : औषध किती घ्यायचं, कशातून घ्यायचं, जेवणाआधी की नंतर आणि पथ्य काय पाळायचं. दुपारचा वारा आमच्या बाजूला वळला की अशोकाच्या सालीचा तुरट वास ओसरीपर्यंत यायचा. वडिलांच्या कोटाला तर तो कायमचा चिकटला होता. "तुमचे वडील गल्लीच्या तोंडाशी आले की माझ्या नाकाला कळतं," असं आई म्हणायची.

वडील सरळ माणूस. इतका सरळ, की कधीकधी नको व्हायचं. दाराशी कुणी आलं तर "घरात नाहीत म्हणून सांग" असं त्यांनी आम्हा मुलांना जन्मात सांगितलं नाही. एकदा एका औषधाच्या चिठ्ठीत "त्वरित गुण येतो" असं छापायचं ठरलं, तर "त्वरित म्हणजे केव्हा?" म्हणून हे अडून बसले आणि ते शब्द काढायला लावूनच घरी आले. आईने विचारलं, "दोन शब्दांनी कुणाचं काय बिघडलं असतं?" त्यावर ते म्हणाले, "माझं बिघडलं असतं." त्या दिवशी ते जेवायला दोन तास उशिरा आले होते आणि भात गार झाला होता.

आईला दर महिन्याला तीन दिवस मिळायचे. तेव्हा बायका बाजूला बसत. कावळा शिवला म्हणायचं आणि मागच्या पडवीत जाऊन बसायचं. आईची चटई, तांब्या आणि एक घोंगडी तिथे विहिरीकडच्या कोपऱ्यात असायची. मी या रिवाजाची बाजू घेणार नाही. माझ्यावर पाळी आली तेव्हा मला त्याचा संताप यायचा. ताट लांबून सरकवायचं, पाणी वरून ओतायचं, धाकट्या भावांनी खदाखदा हसायचं, हे सगळं मी भोगलं आहे. पण खरं ते सांगायला हवं. माझ्या आईला मी गाढ झोपलेली पाहिली ती फक्त त्या पडवीत. तिला कुणी शिवायचं नाही, म्हणून कुणी हाकही मारायचं नाही. दुपारभर ती झोपायची, उठली की जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत बसायची, स्वतःशीच काहीतरी गुणगुणायची. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात आली की पुढचे काही दिवस ती आमच्यावर ओरडायची नाही. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी चूल पेटली की सुरू व्हायचा.

तिला दुसरीकडे विसावा नव्हताच. माहेर आपट्याला, म्हणजे लांब नव्हे. पण आई-वडील गेले, पाठोपाठ भाऊही गेला, आणि नदीकाठच्या त्या घरात हक्काने जाऊन पडावं असं कुणी उरलं नाही. म्हणून तीन दिवसांची ती पडवी हेच तिचं माहेर झालं होतं.

मी पंधरा-सोळा वर्षांची होते तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाजूला बसल्यावर वापरायच्या कापडाच्या घड्या धुऊन गोठ्यामागच्या दोरीवर वाळत घालायच्या असत. बरेच महिने तिथे माझ्याशिवाय कुणाच्या घड्या दिसल्या नाहीत. आईची पाळी गेली होती, पण कावळा मात्र वेळच्या वेळी शिवतच होता. मी काही बोलले नाही. तिने बाजूला बसणं म्हणजे माझ्या गळ्यात चूल, तरीही बोलले नाही. तिचा घोरण्याचा आवाज पडवीतून यायचा तेव्हा मला बरं वाटायचं.

आणि नेमक्या याच वेळी वडिलांच्या डोक्यात सुधारणा शिरली. गावातल्या वाचनालयात कुणा पाहुण्याचं व्याख्यान झालं. विषय होता स्त्रियांवरचे अन्याय. वडील ते ऐकून आले, हातपाय धुतले, पाटावर बसले आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाले, "आजपासून आपल्या घरात बाजूला बसणं बंद. हा रानटीपणा आहे. तू माणूस आहेस, तुला कोपऱ्यात बसवणारे आपण कोण?"

बोलणं शंभर टक्के खरं होतं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आईच्या हातात वाढायची पळी होती. ती म्हणाली, "अहो, पण राहू द्या ना. मला सवय आहे."

"सवयच मोडायची आहे," वडील म्हणाले.

ती पुढे काय बोलणार? मला ते तीन दिवस हवेत, असं म्हणायची सोय नव्हती. बाईने विश्रांती मागणं म्हणजे आळस. देवाधर्माने बसवलं तरच ती बसू शकत होती. दुसऱ्या दिवशी चटई गुंडाळून माळ्यावर गेली आणि पडवीत सरपण रचलं गेलं.

पुढचं वर्ष वाईट गेलं. पाळी जाण्याच्या त्या काळात आईच्या अंगातून वाफा निघायच्या. भर थंडीत ती पदराने वारा घेत उठून बसायची. छातीत धडधड, डोकं जड, झोप नाही. भाकरी थापता थापता मध्येच थांबून रडायची आणि कुणी "काय झालं" विचारलं की त्याच्यावरच उसळायची. धाकट्याने दुधाचं भांडं सांडलं तर तिने ते भांडं अंगणात भिरकावलं होतं. तेव्हा हार्मोन हा शब्द आमच्या गावात आलेला नव्हता. "वय झालं, उष्णता वाढली," एवढंच म्हणायचे.

वडिलांचा उपाय ठरलेला. एक बाटली झाली की दुसरी. अशोकाच्या सालीचं झालं, शतावरीचं झालं, डोक्याला ब्राह्मीचं तेल झालं, कोहळेपाक झाला, गुलकंद झाला. रात्री भिजवलेल्या धन्या-जिऱ्याचं पाणी रोज सकाळी ते स्वतः गाळून द्यायचे. वाळ्याच्या पाण्याने तिला जरा गार वाटायचं, ते मी नाकारत नाही. पण ते पाणी पिऊन ती पुन्हा चुलीपुढेच बसायची. वडिलांचा जीव तुटत होता हे दिसत होतं. ते रोज विचारायचे, "आज कसं वाटतं?" आणि आई रोज म्हणायची, "आहे तसंच."

आमच्या शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातलं मराठी बोलणारं ज्यू कुटुंब होतं. त्या घरातल्या मावशींचे यजमान कचेरीत नोकरीला. विहीर सामाईक असल्याने आई आणि मावशी तिथेच भेटायच्या. एका शनिवारी दुपारी मी रहाटाला होते आणि त्या दोघी कट्ट्यावर बसल्या होत्या. आई म्हणाली, "तुमचं बरं आहे. शनिवारी चूलच पेटवायची नाही."

"शुक्रवारी दिवस मावळायच्या आत सगळं रांधून ठेवायचं, की दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत सुट्टी," मावशी म्हणाल्या.

"आणि यजमानांनी गरम चहा मागितला तर?"

"देवाकडे मागा म्हणते! वहिनी, देवाने सांगितलंय म्हटल्यावर नवऱ्याची काय बिशाद?"

आई हसली. मग म्हणाली, "आमच्या घरी आता देवाचं चालत नाही हो. फक्त औषधाचं चालतं." मावशींनी तिच्याकडे पाहिलं, तिने मावशींकडे पाहिलं, आणि दोघी तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की माझा हात रहाटावर थांबला.

त्याच आठवड्यात वडील नवी बाटली घेऊन आले. जेवणं चालली होती. आईने बाटली हातात घेतली, उंच धरून पाहिली आणि म्हणाली, "याने गुण येईल. पण पथ्याशिवाय घेतलं म्हणून आजवर आला नाही."

वडिलांनी चष्मा काढला. "पथ्य? याला?"

"हो. महिन्यातून तीन दिवस चुलीच्या आचेजवळ जायचं नाही. विहिरीवर जायचं नाही. कुणाचं काही करायचं नाही. पडून राहायचं."

"कुणी सांगितलं?"

"मावशींच्या ओळखीचे एक वैद्य आहेत. पेणचे."

ज्या माणसाने त्या औषधाची चिठ्ठी स्वतःच्या हाताने तयार केली, त्यालाच ही पथ्य शिकवत होती. आणि माणूस कोण, तर "त्वरित" या शब्दासाठी भात गार होऊ देणारा. त्यांनी नाही म्हटलं असतं तर आईची शेवटची वाटही बंद होणार होती. कारण आता देवही गेला होता आणि औषधही जाणार होतं. तिच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो त्या वाफांचा नव्हता.

"मग स्वयंपाक?" वडिलांनी विचारलं.

"पोरीचं एसेस्सीचं वर्ष आहे. तिला चुलीला लावायचं नाही."

वडिलांनी बाटली घेतली, फिरवून फिरवून पाहिली. मग चष्मा लावला. "ठीक आहे," ते म्हणाले. "पथ्य असेल तर पाळायलाच हवं."

सरपण हललं, चटई खाली आली आणि वडील चुलीपुढे बसले. पहिल्या महिन्यात तिन्ही दिवस मुगाची खिचडी होती, आणि ती तिन्ही दिवस खालून लागली. सकाळी भाजी घेऊन येणारी आगरीण दारात थबकली आणि म्हणाली, "आवो, तुमी चुलीपाशी? वैनी कुठं हाय? बरा नाय काय?"

"औषध चालू आहे. त्याचं पथ्य आहे," वडिलांनी डोळे पुसत सांगितलं.

ती म्हणाली, "असला औषद हाय? आमाला पन एक बाटली द्या ना!" आणि भेंडीचा जास्तीचा वाटा टाकून गेली.

औषधाचं म्हणाल तर आई ते केळीच्या बुंध्यात ओतायची. त्या वर्षी केळीला घड मोठा आला, पण त्याचा औषधाशी संबंध जोडू नये असंच वडिलांनी म्हटलं असतं. तिच्या अंगातल्या वाफा काही थांबल्या नाहीत. त्या आणखी दोन-तीन वर्षं राहिल्या आणि आपसूक गेल्या. पण भांडी भिरकावणं थांबलं, रडणं कमी झालं, आणि पडवीतून पुन्हा घोरणं ऐकू येऊ लागलं. वडील दर महिन्याला नवी बाटली आणत, आणि तीन दिवस पदर खोचावा तसं धोतर खोचून आमटी-भात करत. पुढे त्यांची आमटी आईपेक्षा बरी व्हायला लागली. हे मात्र घरात मोठ्याने बोलायची कुणाची छाती झाली नाही.

आम्ही दोघी पडवीत बसून त्यांना हसायचो. आई म्हणायची, "भोळे आहेत गं. औषधाचं नाव घेतलं की मान डोलावतात." तिच्या बोलण्यात माया असायची आणि किंचित वरचढपणाही. आपण एका शिकल्यासवरल्या माणसाला बनवलं, याचा तिला आनंद होता. तो तिने मनसोक्त घेतला.

त्यानंतर काही वर्षांनी माझं लग्न झालं. सासर मोठं होतं, दीर, जावा, नणंदा, येणारेजाणारे. पाठवणीची वेळ झाली, घोडागाडी दारात उभी होती. आई माझी ओटी भरून बाजूला उभी राहिली होती. तेवढ्यात वडील आतून एक बाटली घेऊन आले, कागदात नीट गुंडाळलेली. ती त्यांनी माझ्या सासूबाईंसमोर धरली.

"एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "हिच्या प्रकृतीचं."

सासूबाईंचा चेहरा उतरला. लग्न लागल्यावर प्रकृतीचं सांगायचं म्हणजे काय? माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला तरी काय ठाऊक!

"घाबरू नका, आजार नाही," वडील म्हणाले. "पण हे औषध हिला कायम घ्यावं लागेल. औषध साधं आहे. पथ्य मात्र कडक आहे. महिन्यातून तीन दिवस चुलीच्या आचेजवळ जायचं नाही. विहिरीवर जायचं नाही. कुणाचं काही करायचं नाही. पडून राहायचं."

एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

"असं पथ्य कधी ऐकलं नाही बाई," सासूबाई म्हणाल्या.

"या औषधाच्या चिठ्ठ्या मीच तयार करतो," वडील म्हणाले. "त्याला पथ्य काय आहे आणि काय नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही."

सासूबाईंनी बाटली घेतली. मी गाडीत चढले आणि वळून पाहिलं. मुलगी निघाली की आया रडतात, तशी माझी आईही रडत होती. पण ती माझ्याकडे पाहत नव्हती, वडिलांकडे पाहत होती.