थर्मॉसचं बूच

स्कीच्या डोंगरावर तारेला टांगलेली सकाळची पहिली खुर्ची वर पोचली की खालच्या टपरीतला फोन वाजायचा आणि वरून अबेलिनो कायुन म्हणायचा, "कोमाद्रे, आजही पाणी जाळलंस."

"प्यायचं तर पी, नाहीतर बर्फ चोख," नेलिदा म्हणायची.

एवढंच. मग दोघं कामाला लागायची. माटे म्हणजे भोपळ्यातून नळीने ओढायचा पाल्याचा चहा; त्याचं पाणी उकळू द्यायचं नसतं, पाला कडू होतो. नेलिदाने ते एकदाही उकळू दिलं नव्हतं, आणि अबेलिनोला हे माहीत होतं.

पहिल्या खुर्चीवर माणसं बसवत नसत. तार नीट चालतेय का ते बघायला ती रिकामीच सोडायची. नेलिदा तिच्यावर लाल थर्मॉस, माटेचा भोपळा आणि नळी टायरच्या रबरी पट्टीने बांधायची आणि खुर्चीच्या पाठीवर थाप मारायची. वर अबेलिनो ते सोडवून घ्यायचा, दुपारी रिकामा थर्मॉस खाली पाठवायचा. पहाटे तो बर्फ दाबायच्या यंत्रावर बसून डोंगर चढे. संध्याकाळी सगळ्यांच्या मागून स्कीवर घसरत उतरे, तोवर नेलिदाची बस निघून गेलेली असे. तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, तिथून ती त्याची कोमाद्रे. पण सगळा हिवाळा त्यांची ओळख आवाजापुरतीच.

वरच्या टपरीत त्याने खिळ्यांना हातमोजे टांगले होते, पाहुण्यांनी हरवलेले, सगळे एकेकटे. तो त्यातलेच घालायचा; डावा निळा, उजवा पिवळा. गुडघे गेल्यावर उन्हाळ्यात शेळ्या घेऊन डोंगरात जाणं त्याने सोडलं, शेळ्या भावाला देऊन टाकल्या. आता त्याच्यापाशी हा हिवाळाच काय तो उरला होता.

नवे मालक आले त्या वर्षी सगळ्यांना लाल जाकिटं मिळाली आणि हसण्याचं शिक्षण. हॉटेलच्या हॉलमध्ये एक बाई सांगत होती, पाहुण्याच्या डोळ्यांत बघा, मनापासून हसा.

"बाई, वर येईस्तोवर त्यांचे दात थंडीने वाजत असतात," अबेलिनो मागून म्हणाला. "मी दात काढले तर त्यांना वाटेल वेडावतोय."

सगळे हसले. शिकवणारी बाईही हसली, पण मनापासून नाही.

त्याच आठवड्यात कळलं की पुढच्या हिवाळ्यापासून वर कॅमेरा बसणार. खाली एकच माणूस पडद्यावर बघत दोन्हीकडचं सांभाळेल. म्हणजे दोघांपैकी एकालाच बोलावणं येणार. कोणाला, ते हंगाम संपल्यावर ठरणार होतं. फोनवर या गोष्टीचा विषय कोणीच काढला नाही. पाणी जाळल्याची तक्रार रोजच्यासारखी होत राहिली.

ऑगस्टच्या अखेरीस, तिथल्या ऐन हिवाळ्यात, एका दुपारी वारा सुटला, पांढरा, समोरचा खांब दिसू नये असा. तेवढ्यात वरून तार थांबवली गेली. नेलिदाने फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. तारेवर माणसं लोंबकळत होती, ओरडत होती, त्यांचं ओरडणं वाऱ्यात तुटून खाली येत होतं. बऱ्याच वेळाने चाक फिरलं आणि मग अबेलिनोचा फोन आला.

"एका पोरीच्या जाकिटाचा पट्टा अडकला होता गं खुर्चीत. हातमोजे काढून सोडवला. बोटं राहिली नाहीत माझी. पोर बरी आहे, निघून पण गेली."

"चोळ बोटं," ती म्हणाली.

लोंबकळलेल्यांत बुएनोस आयरेसचा कोणी बडा पाहुणा होता. दुसऱ्या दिवशी बाउतिस्ता, त्यांचा तरुण साहेब, टपरीत आला. स्टोव्हपाशी हात धरून उभा राहिला.

"नेलिदाबाई, एकच विचारतो. तुम्ही फोन केलात तेव्हा वर उचलला का?"

"नाही."

तो थांबला. ती आणखी काही सांगेल म्हणून असेल, किंवा हात अजून गरम झाले नसतील. स्टोव्हवरची किटली सूं करायला लागली होती. नेलिदाने ती उतरवून बाजूला ठेवली. मुलीचं नेउकेनमधल्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. बाउतिस्ता मान हलवून निघून गेला.

अबेलिनोने तिला कधी काही विचारलं नाही. त्याच्या कानावर गेलं की नाही, तेही तिला कळलं नाही.

पुढच्या जूनमध्ये बोलावणं तिला आलं. अबेलिनो सापाला गावात खडीच्या कारखान्यावर पहारा करतो, असं बसमध्ये कोणीतरी म्हणालं. टपरीत फोनच्या जागी पडदा बसला होता. पहिल्या सकाळी तिने खुर्चीवरचा बर्फ झाडला, थर्मॉस बांधला, थाप मारली. हातांनी सवयीने सगळं केलं. ती बघत होती. मग पडद्यावर करडा उजेड, रिकामी टपरी, आणि लाल थर्मॉस वर येताना दिसला. तो चाकाला वळसा घालून आल्या वाटेने परत निघाला.

खाली आला तेव्हा भरलेलाच होता. गरम. थेंबही सांडला नव्हता. हिवाळा सुरू व्हायच्या आधीच तिने बूच बदललं होतं. तिने पट्टी सोडवली आणि रांगेतल्या पहिल्या दोघांना पुढे घेतलं.

गेल्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी रिकामा थर्मॉस खाली पाठवल्यावर त्याने फोन केला होता. म्हणाला होता, "कोमाद्रे, बूच बदल गं याचं. गळतंय."