काळे मॅडमचा सर्वात गाजलेला पेपर

आमच्या खात्यात किस्से जमवावे लागत नाहीत. फायलींवर फायली चढतात तसे तेही साचतात, आणि एक ओढायला गेलं की चार अंगावर येतात! मी बारामतीजवळच्या एका मेडिकल कॉलेजात आकडे सांभाळणारा माणूस. डॉक्टरांनी जमवलेली माहिती कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि हिशेब लावून द्यायचा, एवढंच माझं काम. हे सगळे किस्से आमच्या डॉक्टर काळे मॅडमचे. तुम्ही खुशाल हसा. मला मात्र तेव्हा अन्न गोड लागत नव्हतं.

* * *

मॅडमना प्राध्यापक व्हायचं होतं. त्यासाठी रिसर्च पेपर छापून यावे लागतात, आणि नुसते छापून भागत नाही. इतर संशोधकांनी त्यांचा उल्लेख करावा लागतो. त्याला सायटेशन म्हणतात. मॅडमचे वडील, तात्या, पळसदेवला पेरूची बाग करतात. एकदा जीपमध्ये त्यांचा फोन स्पीकरवर होता.

"सायटेशन म्हंजी काय गं?"

"आपलं लिहिलेलं वाचून दुसरे आपलं नाव घेतात, तात्या."

"चांगलं घेत्यात का वाईट?"

"ते नाही बघत. किती वेळा घेतलं, तेवढंच मोजतात."

"मंग आमच्या सरपंचाचं सायटेशन लई हाय!"

* * *

मॅडमचा पेपर होता ऊसतोडणी करणाऱ्या पुरुषांच्या किडनीवर उन्हाचा काय परिणाम होतो, यावर. खातेप्रमुख सर म्हणाले, "लिहा तुम्ही. शेवटचं नाव तेवढं माझं टाका. ती मोठ्या माणसाची जागा असते."

पेपर तुफान चालला. परदेशातले लोक उल्लेख करायला लागले. सरांनी आम्हाला भिगवणला नेऊन चिलापी खाऊ घातली आणि काटे काढता काढता म्हणाले, "हा पेपर म्हणजे माझं पोरच!"

* * *

पुढच्या हंगामात त्याच लोकांची पुन्हा तपासणी करायला आम्ही इंदापूरकडच्या ऊसतोड मजुरांच्या तळावर गेलो. मी यादीतलं पहिलं नाव पुकारलं, "बाजीराव!"

एक बाई उठून पुढं आली आणि तिनं हात पुढं केला.

"अहो, बाजीराव कुठं आहेत?"

"त्यो तोडीला गेलाय. जोडीतलं एकजण आलं म्हंजी झालं की! मागल्या सालीबी मीच रगत दिलं."

मी टोळीच्या मुकादमाकडं बघितलं. तो शांतपणे म्हणाला, "सायेब, हितं हजेरी जोडीची असती. नवरा-बायकू मिळून एक नाव."

मागच्या वर्षी कार्डावर नाव नव्हतं, नुसता नंबर होता, त्यामुळे समोर बाई आली तरी रक्त घेणाऱ्याला खटकायचं कारण नव्हतं. नावं मी मुकादमाच्या यादीवरून भरली, आणि सगळ्यांपुढं 'पुरुष' असं ऑफिसात बसून मीच लिहिलं होतं!

मॅडमनी बाईला नाव विचारलं. चंद्रकला. मग जुना रिपोर्ट काढला. किडनी बिघडत चालल्याचं त्यात स्पष्ट होतं.

"मागच्या वर्षी रिपोर्ट पाठवला होता. मीठ कमी करा म्हणून सांगितलं होतं."

"केलं की! नाव त्येचं व्हतं. वरीसभर त्येला अळणी घालतीया!"

* * *

प्राध्यापकपदाची मुलाखत सोमवारी होती. पुरुषांवरच्या पेपरात बायकांचं रक्त निघालं म्हणून मॅडम मासिकाला पेपर मागं घेण्याचं पत्र लिहायला बसल्या, तेव्हा सर धावत आले. "मुलाखत होऊ द्या, मंगळवारी पाठवा. एका दिवसात कुणाची किडनी जात नाही!"

"एक वर्ष गेलंय, सर."

"बघा बाई. मी त्या पेपरात अगदी शेवटी होतो. माझ्यापर्यंत ती चूक येतेच कुठं?"

मी म्हणालो, "मॅडम, चूक माझी आहे. पत्रात माझं नाव लिहा."

"पेपरावर तुमचं नाव होतं का?"

"नाही."

"मग चुकीवर कशाला?"

मला रडू आवरेना. शनिवारी दुपारी पत्र गेलं.

* * *

मुलाखतीत समितीनं पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचा सर्वात जास्त सायटेशनचा पेपर कोणता?"

"परवा मागं घेतला."

प्राध्यापकाची ती जागा अजून रिकामी आहे. तात्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्या बाईचं काय झालं?"

* * *

तेच तर बघायला आम्ही महिन्यानं पुन्हा तळावर गेलो. या वेळी यादी मॅडमनी स्वतः झोपड्या-झोपड्यांत फिरून केली होती. नवऱ्याचं कार्ड वेगळं, बायकोचं वेगळं. चंद्रकलाची तपासणी आणखी लांबवून चालणार नव्हती, म्हणून सगळ्यात वर तिचं नाव होतं. मुकादमाला आदल्या दिवशी दोनदा फोन करून 'तिलाच पाठवा' म्हणून बजावलं होतं. रक्त घ्यायची तयारी झाली. मॅडमनी कार्ड हातात घेतलं आणि खणखणीत आवाजात नाव पुकारलं, "चंद्रकला बाजीराव!"

बाजीराव उठला आणि बाही वर सारत खुर्चीत येऊन बसला.

"ती तोडीला गेलीया, मॅडम. जोडीतलं एकजण आलं म्हंजी झालं की!"