रेवदंड्याचा पाठमोरा एलीया

समुद्र मला आवडतो, पण काठावरून. त्यामुळे आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर शमुवेल म्हणाले, "रेवदंड्याला चला, घरातलं एक चित्र वाचवायचंय," तेव्हा मी आधी बोटीची चौकशी केली आणि मग चित्राची. शमुवेल बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कुलाबा जिल्ह्यातले ज्यू. त्यांच्या आईच्या वडिलांना पलटणीतल्या गोऱ्या साहेबानं शंभरेक वर्षांपूर्वीचं एक रेखाचित्र दिलं होतं. विषय त्यांच्या धर्मशास्त्रातला: एलीया संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात जातो. शेजारणी त्याला हार घालू लागल्या, हात जोडू लागल्या. झालं! घरात मूर्तिपूजा नको म्हणून वडील ते घराबाहेर काढायला निघाले. मी ड्रॉइंग मास्तर, म्हणून माझी वर्णी लागली.

जाणार असाल तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसची सकाळचीच लाँच घ्या. नंतर वारा छळतो. मी सारा वेळ डोळे मिटून बसलो होतो. रेवसला पाय जमिनीला लागले आणि सुटलो एकदाचा! पुढे अलिबागपर्यंत सर्व्हिस मोटार. भाडं बेताचं, धूळ फुकट. तिथून बैलगाडीनं नागाव, चौल करत सुपारीच्या वाड्यांमधून सावलीसावलीनं रेवदंडा. शनिवारी मात्र जाऊ नका, तो यांचा विश्रांतीचा पवित्र वार, घरी चूल पेटत नाही. आम्हाला रविवारी नारळाच्या रसातली सुरमई आणि तांदळाची भाकरी मिळाली. मी लाज सोडून जेवलो.

"माझ्या बापाची तेवढीच आठवण हाय, मास्तर," वाढताना शमुवेलच्या आई, रिबकाबाई, म्हणाल्या. "शेजारणींना तरी नको कसं म्हणू?"

हसाजी, शमुवेलचे वडील, ओटीवरून गरजले, "मी त्या चित्राकडं बघत पण नाय!"

मी अबोलीचा भलामोठा हार उतरवला आणि बघतच राहिलो. हाराखाली अर्धं चित्र झाकलेलं होतं. रथ वरच्या कोपऱ्यात, चार बारीक रेघांचा. घोडे धुरात विरलेले. एलीया पाठमोरा, अंगठ्याएवढा. मधला कागद कोरा, त्यात त्याच्या अंगावरून सुटलेला झगा तिरका खाली येतोय. आणि शाईचा सगळा गडदपणा खाली, नदीकाठी, हात पसरून उभ्या असलेल्या माणसावर. नजर वर ठरतच नाही, झग्याबरोबर घसरत खाली येते. मला हसूच फुटलं. शेजारणी डोळे मिटून हात जोडत होत्या आणि हसाजी बघणारच नव्हते. चित्र पाहिलं होतं कुणी?

"हसाजीशेट, जरा येता? इथं पाया पडायला एलीयाचं तोंडच दिसत नाही."

ते कुरकुरत आले. चष्मा लावला. झग्याच्या रेघेवरून बोट खाली आणलं.

"हा खाली, अलीशा ना? त्याचा चेला?"

"तोच. गुरूचा झगा आता तो उचलणार. चित्रकारानं सगळा भार त्याच्यावर टाकलाय. जाणारा लहान, मागे राहिलेला मोठा."

"आता काम ह्याच्या गळ्यात पडणार," हसाजी हळूच म्हणाले. मग बायकोकडे वळले, "राहू दे. पण हार नाय!"

रिबकाबाई पदर तोंडाला लावून मटकन पाटावर बसल्या. मलाही हायसं वाटलं, इतकं की परतीच्या लाँचमध्ये मी चक्क डोळे उघडे ठेवून बसलो.

घरी आल्यापासून ती झग्याची रेघ मी आठवून आठवून काढतोय, जमत नाही. परवा शमुवेल गावाहून आले. म्हणाले, शेजारणी अजून येतात. हार बाहेर ठेवतात, पण सवयीनं हात जोडले जातातच. मग ओटीवरून वडील ओरडतात, "हात खाली करा, डोळे उघडा, आन् नीट बघा!"