जात्यावर बसणार कोण?

'आता वय झालं' असं कोपरच्या सखुबाईला तोंडावर सांगायची हिंमत आजवर फक्त तिच्या गुडघ्यांनी केली. तरुणपणी मिठागरात घोटाभर पाण्यात उभं राहून तिनं मीठ ओढलं, तेव्हा बिचारे मुकाट चालले. पुढे घरच्या जमिनीवर टॉवर आला, घरी लिफ्ट आली, आणि नेमके तेव्हाच गुडघे संपावर गेले!

तेही तिनं चालवून घेतलं असतं. पण नात ऋतिकाचं लग्न ठरलं. यांच्यात हळदीच्या दिवशी घरातली थोरली बाई जमिनीवर मांडी घालून जात्यावर हळकुंडं दळते आणि लग्नाची गाणी गाते. सखुबाईला खाली बसता येईना, तर तो मान धाकट्या जावेकडे, मालनकडे जाणार. मालनचे दोन्ही गुडघे ऑपरेशन करून बदललेले, जमिनीवर बसायला तिला बंदी. तरी ती म्हणाली, "जाता टेबलावर ठेवा, मी खुर्चीत बसून दलीन."

खुर्चीतली हळद! सखुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

मुलगा धनेश तिला ठाण्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, वर येणारा पिवळसर भाग घेऊन गुडघ्यात टोचायचा. जखम भरून काढायची अंगातलीच ताकद दुखऱ्या जागी न्यायची. "गुडघा नवा होणार नाही हं, आजी. दुखणं कमी होईल, तेही सगळ्यांचं होतंच असं नाही. आणि काही आठवडे लागतील. यायच्या दिवशी सकाळी हलकंच खा."

सखुबाईनं यातलं एकच धरलं, की रक्त आपलं. मग ते दमदार नको? हाडाचं काहीही दुखणं असो, तिच्या माहेरी औषध एकच, बोकडाचे पाये. इंजेक्शनच्या दिवशी सून देवपूजेत आहे असं पाहून तिनं तवंग आलेला रस्सा वाडग्यांवर वाडगे रिचवला.

शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तिला मोठ्ठा ढेकर आला. गाडीभर वास.

"आये! काय खाल्लंस?"

"हलकाच. रस्सा होता, चावायचा पन नाय."

दवाखान्यात यंत्र थांबलं, नळी बाहेर आली, आणि जिथे पिवळसर पाणी दिसायचं तिथे चक्क दुधासारखं पांढरं! डॉक्टरीणबाई नळीकडे बघतात, सखुबाईकडे बघतात. "आजी, हे काय?"

"पाये," सखुबाई अभिमानानं म्हणाली.

रस्स्याची चरबी रक्तात उतरलीय, पुढच्या आठवड्यात या, असं सांगून तिला घरी पाठवलं. हळद जवळ आलेली, त्यात हा आठवडा फुकट! परतताना तिनं वाटभर बोकडाला शिव्या घातल्या.

दुसऱ्या खेपेला ती नुसती चहा-खारीवर गेली. इंजेक्शन झालं, गुडघे सुजले, आपल्या मनानं दुखण्याच्या गोळ्या घ्यायला बंदी, म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं. मग हळूहळू ठणका ओसरला. "खाली मात्र बसू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सखुबाई "हो" म्हणाली. म्हणायला काय जातंय?

हळदीच्या दिवशी भिंत धरून, दात आवळून ती बसली. बसली हो! मांडव बघतच राहिला. जातं फिरलं, गळा लागला. हळद दळून झाली तेव्हा तिनं उठायला जोर लावला, आणि गुडघे जागचे हलेनात.

आता? हाक मारावी तर आयुष्यभराचं हसं. सखुबाईनं रिकामं जातं फिरवत पुढचं गाणं धरलं. मग त्याच्या पुढचं. लग्नाची गाणी संपली तशी भातलावणीची काढली. "काय दम हाय म्हातारीत!" बायका म्हणाल्या. तिला रडू यायचं बाकी होतं.

खुर्चीतून मालन उठली, टकटक चालत आली आणि वाकून कानात म्हणाली, "उठाया जमत नाय ना?"

"गप बस."

"मना बसाया जमत नाय, बाय. म्हनून त उठवाया आलेय."

तिनं दोन्ही हातांनी सखुबाईला कवेत घेतलं आणि उभं केलं. जावाजावांनी मिठी मारली असं वाटून मांडवानं टाळ्या वाजवल्या. सखुबाईचे डोळे भरून आले. तिनं ऋतिकाला पहिली हळद लावली, आणि उरलेली मूठभर मालनच्या गुडघ्यांना, साडीवरूनच, चांगली चोळून.

"नवी साडी हाय मेले!" मालन ओरडली.

"असू दे," सखुबाई म्हणाली, आणि तिचा हात सोडला नाही.