सामेरचा दुसरा डबा

"याच्यात काय हाय?" हवालदारानं थर्मोकोलच्या डब्यावर काठी टेकवली.

"माशा," मी म्हणालो. खरं होतं, पण नाक्यावर असं बोलू नये.

राळेगावच्या रस्त्यावर आमची जीप अडवली होती. कापसाची परिस्थिती पाहायला मंत्री येणार, म्हणून नाकाबंदी. डब्यात ट्रायकोकार्ड होती. म्हणजे जाड कागदावर चिकटवलेली बारीक अंडी. त्यांतून टाचणीच्या टोकाएवढ्या माशा निघतात आणि बोंडअळीची अंडी संपवतात. कार्डाच्या पट्ट्या कापून कपाशीच्या पानाखाली टाचायच्या, तेही माशा निघण्याआधी. तोवर गारवा हवा. फवारणीनं या माशाही मरतात, म्हणून तांड्यावरच्या शेवंताकाकी राठोड माझ्या शब्दावर आठ दिवस फवारणी थांबवून बसल्या होत्या. आज कार्ड लागली नाहीत तर अळी बोंडात शिरणार होती.

सोबत सामेर होता. पॅलेस्टाईनचा कीटकतज्ज्ञ, आमच्या संस्थेत तीन महिन्यांसाठी आलेला. तासाभराच्या वाटेसाठी त्यानं मला सकाळी सहालाच निघायला लावलं. शिवाय कार्ड दोन डब्यांत भरली. मी हसलो होतो.

कॉलेजात पत्रकं वाटताना कमावलेला आवाज मी लावला. "रस्ता जनतेचा आहे, हवालदारसाहेब!"

"हो का? मंग जनतेनं गाडी बाजूले लावावी. अन् डबा उघडा. साहेब येऊन पाहतीन."

डबा बॉनेटवर उघडा पडला. ऊन चढू लागलं. सामेरनं न मागता ओळखपत्र पुढे केलं आणि सीटखालचा, ओल्या पोत्यात गुंडाळलेला दुसरा डबाही दाखवला.

"तसलाच हाय ना? राहू द्या. एक पाह्यला, बस झालं."

आम्ही बाभळीखाली बसलो. सामेर सांगू लागला, "माझ्या घरापासून प्रयोगशाळा अकरा किलोमीटर. मधे सैनिकांची चौकी. कधी वीस मिनिटं लागतात, कधी चार तास. कधी बंदच. का, ते कोणी सांगत नाही. आई मला 'किती वाजता येशील' असं विचारत नाही. फोनवर एवढंच विचारते, 'सुटलास का?' एकदा कार्ड रांगेतच फुटली. माशा परवान्याशिवाय पलीकडे गेल्या. मी परत आलो. तेव्हापासून दोन डबे. एक ते उघडतात."

"आणि तू भांडत नाहीस?" मी चिडलो.

"भांडतो. डबा पोचल्यावर."

मंत्र्यांच्या गाड्या तीन मिनिटांत गेल्या. आमचे अडीच तास गेले होते. बॉनेटवरच्या डब्यातून माशा उडत होत्या. दुसरा डबा गार होता.

"पाहुणे, अर्ध्याच वावराचं आणलं का?" वावरात पोचताच काकींनी विचारलं. सामेर पट्ट्या टाचू लागला. उरलेल्या अर्ध्या वावरात कार्ड तिसऱ्या दिवशी लागली. तोवर अळी शिरली होती.

वेचणीनंतर काकी दोन पिशव्या घेऊन थेट ऑफिसात आल्या. एकीत पांढराशुभ्र कापूस, दुसरीत अळीनं डागाळलेली पिवळट कवडी. दोन्ही माझ्या टेबलावर ओतल्या.

"हा पाहुण्याचा," त्या म्हणाल्या, "अन् हा तुह्या भाषणाचा."

भाषणं मी अजूनही करतो. आधी डबा पोचवतो. आमचा नाका त्याच दिवशी उठला होता. सामेर मात्र परत गेला तो त्याच चौकीकडे.